विश्वाबद्दलची अशी कोणती गोष्ट आहे, जी कळल्यावर तुम्ही थक्क झालात?

माझं उत्तर दोन शब्दांचं आहे: रात्रीचा काळोख.

ज्याच्या चमचाभर द्रव्याचं वजन कोट्यवधी टन भरेल असे न्यूट्रॉन तारे, किंवा ज्याचा दिवस वर्षापेक्षा मोठा आहे असा शुक्र (स्वतःभोवती एक फेरी 243 दिवसांची, सूर्याभोवतीची 225 दिवसांची), या गोष्टी तुमच्या कानावर एव्हाना आल्या असतील. त्या खऱ्या आहेत, विलक्षणही आहेत. पण त्या फार लांब कुठेतरी घडतात. काळोख रोज आपल्या दारात येतो, आणि तो का पडतो हे नीट समजायला माणसाला साडेतीनशे वर्षं लागली.

सूर्य मावळतो म्हणून अंधार पडतो, हे उत्तर मीही बरीच वर्षं धरून चालले होते. मग कधीतरी ओल्बर्सचा विरोधाभास वाचनात आला आणि ते उत्तर किती अपुरं आहे ते कळलं. हाइनरिख ओल्बर्स हा जर्मनीतल्या ब्रेमेन शहरातला डॉक्टर. दिवसभर रोगी तपासायचा आणि रात्री घराच्या वरच्या मजल्यावर दुर्बिणीला डोळा लावून बसायचा. पॅलस आणि व्हेस्टा हे दोन लघुग्रह त्यानेच शोधले. 1823 मध्ये त्याने प्रश्न मांडला: विश्व अमर्याद असेल आणि त्यात सगळीकडे तारे विखुरलेले असतील, तर रात्री आकाश काळं कसं? त्याच्याही आधी, 1610 मध्ये, केप्लरला हाच प्रश्न पडला होता.

एखाद्या घनदाट अरण्याच्या मधोमध उभे आहात असं समजा. जवळच्या झाडांच्या फटींतून मागची झाडं दिसतात, त्यांच्या फटींतून आणखी मागची. अरण्य पुरेसं मोठं असेल तर शेवटी फट उरतच नाही. जिकडे बघाल तिकडे नजर कुठल्या ना कुठल्या खोडावर जाऊन अडते. ताऱ्यांचंही तसंच व्हायला हवं. दूरचे तारे फिके दिसतात, मग त्यांनी काय फरक पडणार, असं वाटेल. पण हिशेब बघा. दुप्पट अंतरावरचा तारा चौपट फिका दिसतो, आणि दुप्पट अंतरावरच्या तेवढ्याच जाडीच्या थरात तारे चौपट मावतात. म्हणजे प्रत्येक थराकडून येणारा उजेड सारखाच. थर मोजत जा, उजेडाची बेरीज वाढतच राहते, आणि शेवटी आकाशाचा एकूण एक ठिपका कुठल्या तरी ताऱ्याच्या पृष्ठभागाने भरून जातो.

सूर्याची तबकडी आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाची दिसते. तेवढ्या तबकड्यांनी डोक्यावरचा अख्खा अर्धगोल भरायचा तर किती लागतील, याचा भागाकार मी कागदावर करून पाहिला. उत्तर आलं सुमारे 90 हजार. डोक्यावर 90 हजार सूर्य, दिवसा आणि रात्रीही. तो कागद पुढ्यात ठेवून मी खिडकीबाहेरच्या काळोखाकडे पाहिलं, तेव्हा पहिल्यांदाच तो मला खटकला. तो तिथे असायलाच नको होता.

ओल्बर्सने स्वतः सुचवलेलं उत्तर असं, की वाटेतली धूळ आणि वायू दूरच्या ताऱ्यांचा उजेड अडवत असतील. ते टिकत नाही. अनंत काळ उजेड झेलणारी धूळ तापेल, तापत जाऊन स्वतःच ताऱ्यांसारखी झळाळू लागेल, आणि आपण पुन्हा तिथेच येऊ.

खऱ्या उत्तराची दिशा आधी दाखवली ती एका साहित्यिकाने. 1848 मध्ये एडगर ॲलन पो याने लिहिलं, की तिथलं अंतरच इतकं प्रचंड असेल की त्या पार्श्वभूमीचा एकही किरण अजून आपल्यापर्यंत पोहोचलेला नसेल. 'अजून' या शब्दात सगळं आलं.

प्रकाशाला वेळ लागतो, हे तोवर माहीत झालेलं होतं. 1676 मध्ये पॅरिसच्या वेधशाळेत ओले रोमर याने गुरूच्या आयो या चंद्राची ग्रहणं मोजता मोजता ते ओळखलं: पृथ्वी गुरूपासून लांब गेली की ग्रहणं उशिरा दिसायची, जवळ आली की लवकर. आज आपण हा वेळ बोटांवर मोजतो. चंद्राचा प्रकाश सव्वा सेकंदात, सूर्याचा सव्वाआठ मिनिटांत, व्याधाचा साडेआठ वर्षांत. मृगातली तांबूस काक्षी आपल्याला दिसते ती पाचशे ते सातशे वर्षांपूर्वीची.

इथे एक गैरसमज दूर करते, कारण तो फार पसरलेला आहे. 'आकाशात दिसणारे बहुतेक तारे केव्हाच मेलेले आहेत' हे वाक्य खरं नाही. नुसत्या डोळ्यांना दिसणारे जवळजवळ सगळे तारे काही हजार प्रकाशवर्षांच्या आतले आहेत, आणि ताऱ्यांची आयुष्यं लाखो-कोट्यवधी वर्षांची असतात. त्यामुळे ते जवळपास सगळे आजही आपापल्या जागी जळत आहेत.

खरोखर जुना प्रकाश बघायचा असेल तर देवयानी दीर्घिका बघा (दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा समूह). हिवाळ्याच्या सुरुवातीच्या, चंद्र नसलेल्या रात्री, शहराच्या उजेडापासून लांब जा. आधी शर्मिष्ठा शोधा, पाच ताऱ्यांची ती वेडीवाकडी रेघ. तिच्या दोन टोकांपैकी जे जास्त अणकुचीदार, ते ज्या दिशेला रोखलेलं आहे तिकडे नजर न्या. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, तोवर हातातला फोन उघडू नका. मला पहिल्यांदा काहीच दिसलं नव्हतं. मग बरोबरच्या ज्येष्ठ निरीक्षकांनी सांगितलं, "थेट नको बघूस. किंचित बाजूला बघ." अंधुक उजेड टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध नसतात, कडेला असतात. नजर जराशी सरकवली आणि तो डाग उमटला: काळ्या काचेवर कुणी ओलसर बोट फिरवावं तसा, लांबट, राखाडी. सरळ बघितलं की विरघळायचा, बाजूला बघितलं की परत यायचा. तो उजेड 25 लाख वर्षं प्रवास करून माझ्या डोळ्यात शिरत होता. तो निघाला तेव्हा आपली मानवजात जन्मालाही आलेली नव्हती.

तो डाग म्हणजे आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका आहे, हे कळूनही अजून धड एकशे पाच वर्षं झालेली नाहीत. हार्वर्ड वेधशाळेत काचेच्या छायाचित्रपट्ट्या तपासणाऱ्या हेन्रिएटा लेव्हिट यांनी 1912 मध्ये दाखवलं, की सेफीड नावाचे तेज कमी-जास्त होणारे तारे जितके सावकाश लुकलुकतात तितके ते मुळात जास्त तेजस्वी असतात. म्हणजे लुकलुकण्याचा वेळ मोजा, खरं तेज कळेल. ते दिसणाऱ्या तेजाशी ताडून पाहा, अंतर कळेल. 1923 च्या ऑक्टोबरमध्ये माउंट विल्सनच्या 100 इंची दुर्बिणीने घेतलेल्या देवयानीच्या पट्टीवर एडविन हबल याने एका ताऱ्याशेजारी 'एन' लिहिलं, म्हणजे नोव्हा, एकाएकी उजळणारा तारा. मग लक्षात आलं की हा तर सेफीड आहे. त्याने 'एन' वर काट मारली आणि उद्गारचिन्हासकट 'व्हीएआर!' असं लिहिलं, म्हणजे रूपविकारी तारा. त्या एका खाडाखोडीने माणसाला माहीत असलेलं विश्व आकाशगंगेच्या बाहेर पसरलं. लेव्हिट तोवर वारल्या होत्या. हा सगळा इतिहास वाचताना मला त्यांचं नाव हबलच्या जोडीने घेतलं जावं असं मनापासून वाटतं.

पुढे हबलने आणखी एक गोष्ट दाखवली: दीर्घिका जितकी लांब, तितक्या वेगाने ती आपल्यापासून दूर जाते. विश्व प्रसरण पावतंय. ही गोष्ट उलटी चालवली तर एक आरंभ मिळतो, 1380 कोटी वर्षांपूर्वीचा. आणि इथे ओल्बर्सच्या प्रश्नाचं उत्तर हाती येतं. अरण्य कदाचित अमर्याद असेलही, पण आपल्याला त्याचा तेवढाच भाग दिसतो जिथून निघालेला प्रकाश 1380 कोटी वर्षांत इथवर पोहोचू शकला. एवढ्या भागातले तारे आकाश भरून टाकायला फारच अपुरे आहेत. म्हणून ताऱ्यांमध्ये फटी आहेत. त्या फटी म्हणजे रात्र. विश्वाला वय आहे याचा पुरावा नुसत्या डोळ्यांना दिसतो, दुर्बीण लागत नाही.

हे कळलं तेव्हा मला वाटलं, संपलं कोडं. पण खरं नवल पुढे आहे.

त्या फटींतून आरपार बघितलं तर पलीकडे काय असेल? जितकं लांब तितकं जुनं, म्हणजे सगळ्यात लांब विश्वाचं बालपण दिसायला हवं. पहिली सुमारे 3 लाख 80 हजार वर्षं विश्व तापलेल्या वायूने भरलेलं होतं, धुक्यासारखं अपारदर्शक. मग तापमान 3000 अंशांपर्यंत उतरलं, इलेक्ट्रॉन आणि अणुकेंद्रं एकत्र येऊन अणू बनले, धुकं निवळलं आणि प्रकाश मोकळा सुटला. जुन्या पद्धतीच्या बल्बमधली तार साधारण तेवढीच तापते. म्हणजे कुठल्याही दिशेला बघा, नजर शेवटी त्या झळाळत्या धुक्याच्या भिंतीवरच जाऊन अडते. आकाशात खरं तर एकही मोकळी फट नाही! ओल्बर्सचं अरण्य आहे, फक्त त्याची शेवटची खोडं ताऱ्यांची नसून खुद्द आरंभीच्या विश्वाची आहेत.

मग ती भिंत दिसत का नाही? कारण तो प्रकाश वाटेत असताना अवकाश सुमारे 1100 पट ताणलं गेलं, आणि त्याबरोबर प्रकाशाच्या लहरीही ताणल्या गेल्या. बल्बच्या तारेचा पिवळट उजेड ताणला जाऊन मायक्रोवेव्ह झाला. आकाश उजळलेलं आहे. आपल्या डोळ्यांना तो रंग दिसत नाही एवढंच.

ज्यांना तो पहिल्यांदा सापडला ते तो शोधत नव्हते. 1964 मध्ये न्यू जर्सीतल्या होमडेल इथे आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन बेल लॅब्जच्या कर्ण्याच्या आकाराच्या एका मोठ्या अँटेनावर काम करत होते. त्यातून एक बारीक खरखर येत राहायची. अँटेना कुठेही फिरवा, दिवस असो की रात्र, ऋतू कुठलाही असो, खरखर तेवढीच. त्यांनी यंत्राचे सांधे ॲल्युमिनियमच्या पट्टीने बंद केले. कर्ण्यात कबुतरांनी घरटं केलं होतं. विष्ठा घासून काढली, कबुतरं पकडून लांब नेऊन सोडली. ती परत आली. खरखर तशीच राहिली. तिथून फार लांब नसलेल्या प्रिन्स्टनमध्ये रॉबर्ट डिकी यांचा गट नेमका हाच आदिम प्रकाश पकडायला उपकरण जुळवत होता. दोन्हीकडच्या मंडळींचं बोलणं झालं आणि खरखरीचा अर्थ लागला. 1978 मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांना नोबेल मिळालं.

विश्वाला आरंभ होता हा निष्कर्ष सगळ्यांनी मान्य केला असं नाही, आणि हे सांगायला हवं. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांचं मत होतं की विश्वाला आरंभच नाही. विश्वाच्या त्या आरंभाला आज 'बिग बँग' म्हणजे महास्फोट म्हणतात. ते नावही 1949 मध्ये रेडिओवरच्या भाषणात त्यांनीच उच्चारलं, ती कल्पना मान्य नसताना. त्यांचे विद्यार्थी जयंत नारळीकर यांनीही शेवटपर्यंत पर्यायी सिद्धांतावर काम केलं. मला स्वतःला पुरावा महास्फोटाच्या बाजूने फार भक्कम वाटतो. पण असे कसून प्रश्न विचारणारे समोर होते म्हणूनच मोजमापं इतकी काटेकोर झाली, असंही वाटतं. 1989 मध्ये सोडलेल्या कोबे उपग्रहाने या प्रकाशाचा वर्णपट, म्हणजे कोणत्या लांबीच्या लहरींत तो किती आहे, ते मोजलं. 1990 च्या जानेवारीत तो आलेख खगोलशास्त्रज्ञांच्या सभेत पडद्यावर आला. सिद्धांताची वक्ररेषा आणि मोजलेले बिंदू एकमेकांवर तंतोतंत बसले होते, आणि सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं.

या प्रकाशाचं आजचं तापमान आहे शून्याखाली सुमारे 270 अंश सेल्सिअस. त्याचे कण अवकाशाच्या दर घनसेंटिमीटरला सुमारे 400 आहेत. मोकळ्या आकाशाखाली दोन्ही हातांची ओंजळ धरा. तिच्यात शंभरेक घनसेंटिमीटर जागा असेल, तर या क्षणी तिच्यातून असे 40 हजारांच्या आसपास कण चालले आहेत. प्रकाशाच्या वेगाने जाणारे, म्हणून क्षणात हे गेले आणि दुसरे आले.

आणखी एक गोष्ट सांगते, जी मला अलीकडेच कळली. हे तापमान सगळ्या दिशांना अगदी सारखं नाही. आकाशाच्या एका बाजूला ते अंशाच्या सुमारे तीन सहस्रांशाने जास्त भरतं आणि बरोबर विरुद्ध बाजूला तेवढंच कमी. कारण आपण स्वतः धावत आहोत. सूर्य, पृथ्वी आणि सगळी ग्रहमाला या प्रकाशातून सेकंदाला सुमारे 370 किलोमीटर वेगाने चालली आहे, आणि ज्या दिशेला चाललो आहोत तिकडचा प्रकाश किंचित उबदार लागतो. ती दिशा आकाशात दाखवता येते: सिंह राशीच्या दक्षिणेला, चषक नावाच्या फिकट ताऱ्यांच्या समूहाकडे. तिथे नजर टाकलीत तर चार-सहा मंद तारे दिसतील, आणि त्यांच्यामध्ये भरपूर काळोख.