मुलीच्या कॅमेऱ्यासाठी मुदत ठेव मोडावी का?

चिपळूणच्या एका वाचक भगिनींचे पत्र थोडक्यात असे: “मुलगी तेरा वर्षांची आहे, आठवीत शिकते. आधी माझ्या मोबाइलवर फोटो काढायची. गेले दीड वर्ष तिच्या मामाचा जुना निकॉन डी३२०० वापरते आहे आणि पक्ष्यांच्या मागे वेडी झाली आहे. आता तिला निकॉनचा झेड५० हा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा दोन लेन्ससह हवा आहे. दुकानदार ९२,००० रुपये सांगतो. रोख दिल्यास ५,००० कमी, नाहीतर अठरा महिन्यांचे नो-कॉस्ट हप्ते. मी शिक्षिका आहे, यजमानांचे हार्डवेअरचे दुकान आहे. दोघांचे मिळून महिन्याला सरासरी ६८,००० हातात येतात. घरखर्च ३८,०००, गृहकर्जाचा हप्ता १४,५००, सुकन्या समृद्धीत ३,००० आणि म्युच्युअल फंडाची एसआयपी ४,०००. बँकेत १,८०,००० ची मुदत ठेव आहे. ठेव मोडावी, हप्ते घ्यावेत, की वर्षभर सुकन्याचे पैसे थांबवावेत? यजमान म्हणतात, छंद दहावीपर्यंत टिकतो का ते आधी पाहू.”

पत्रासोबत तुम्ही पाठवलेली खंड्या पक्ष्याची तीन छायाचित्रे मी पाहिली, आणि मुलीच्या वहीच्या एका पानाचा फोटोही पाहिला. छायाचित्रांपेक्षा त्या पानाने मला अधिक काही सांगितले. “६.५०, उजेड कमी, १/२५०, मान हलली. ७.३०, १/८००, डोळा स्पष्ट. पण फार लहान दिसतो.” (यातले अपूर्णांक म्हणजे शटरचा वेग, सेकंदाचा कितवा भाग शटर उघडे राहिले ते.) आपण कुठे चुकलो हे जी मुलगी वेळेसह लिहून ठेवते, तिच्या छंदाच्या टिकाऊपणाबद्दल मला फारशी शंका वाटत नाही. तरीही यजमानांची सावधगिरी चुकीची नाही, कारण प्रश्न छंदावर खर्च करावा की नाही हा नसून, कोणता पैसा, कशावर आणि कोणत्या क्रमाने खर्च करावा हा आहे.

मुदत ठेवीचे आधी पाहू. घरखर्च आणि गृहकर्जाचा हप्ता मिळून तुमचा न टळणारा खर्च ५२,५०० आहे, म्हणजे आजची ठेव जेमतेम साडेतीन महिने पुरेल. तीतून कॅमेरा घेतला तर जेमतेम पावणेदोन महिने पुरेल. वास्तविक तुमच्या घराला पाच-सहा महिन्यांची गंगाजळी हवी, कारण एक उत्पन्न दुकानाचे आहे आणि पावसाळ्यात बांधकामे थांबली की हार्डवेअरची विक्रीही मंदावते. शिवाय तुम्ही चिपळूणच्या आहात. २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठी नदीचे पाणी बाजारपेठेत शिरले तेव्हा दुकानदारांवर काय ओढवले हे मी तुम्हाला सांगण्याची गरज नाही. ही ठेव त्या दिवसासाठी आहे. तिला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नो-कॉस्ट हप्त्यांबाबत बहुतेक ग्राहकांचा गैरसमज असतो. शून्य टक्के व्याजाच्या योजनांबाबत रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना रोखले, तेव्हापासून हप्त्यांवर व्याज लागतेच. फक्त तेवढी रक्कम किमतीत सवलत म्हणून आधी वजा केली जाते. क्रेडिट कार्डावरच्या हप्त्यांच्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी मात्र ग्राहकाच्या माथी येतो. व्याजदर १५ टक्के धरला, तर अठरा महिन्यांच्या या व्यवहारात साधारण १०,००० रुपये व्याज आणि त्यावर सुमारे १,८०० रुपये जीएसटी होतो. रोखीची हुकलेली ५,००० ची सूट त्यात मिळवा, प्रक्रिया शुल्क वेगळे. म्हणजे ‘विनाखर्च’ म्हटलेला व्यवहार तुम्हाला पावणेसात हजारांहून अधिकाला पडतो. त्याहून मोठी अडचण म्हणजे महिन्याला ५,१११ रुपयांचे बंधन: तुमची शिल्लक महिन्याला ८,५०० आहे आणि अठरा महिन्यांत किमान एक पावसाळा येणारच. क्रेडिट कार्डावरचा एक हप्ता जरी चुकला, तरी दंड आणि व्याज मिळून सगळे गणित कोलमडते.

सुकन्या समृद्धी थांबवण्याचा विचार मात्र मनातून काढून टाका. वर्षाला किमान २५० रुपये भरून खाते चालू ठेवता येते हे खरे, पण हे पैसे नेमके तिच्याच वाटेसाठी साठत आहेत. मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर किंवा दहावी उत्तीर्ण झाल्यावर, उच्च शिक्षणाच्या प्रवेशासाठी आधीच्या आर्थिक वर्षअखेरच्या शिल्लकीतील निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. उद्या तिने बारावीनंतर मुंबईच्या सर जे. जे. उपयोजित कला संस्थेसारख्या ठिकाणी जायचे ठरवले, तर तेथील फीचा खर्च याच खात्यातून उभा राहील. आज कॅमेऱ्यासाठी तिचे शिक्षण आणि तिचा छंद यांना एकमेकांसमोर उभे करू नका.

आता खरेदीबद्दल. मुलीच्या वहीतले “फार लहान दिसतो” हे तीन शब्द पुन्हा वाचा. तिची अडचण कॅमेऱ्याची नसून लेन्सची आहे. मामांच्या कॅमेऱ्यासोबत १८-५५ मिमीची लेन्स आहे, असे तुम्ही लिहिता. मिमीचा आकडा जितका मोठा, तितकी दूरची वस्तू चित्रात मोठी दिसते. त्या लेन्सने तारेवरचा खंड्या ठिपक्याएवढाच येणार. डी३२०० हा २०१२ चा कॅमेरा असला, तरी त्याचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा भाग, २४ मेगापिक्सेलचा आहे आणि घरात लावण्याजोगी मोठी प्रत त्यातून सहज निघते. उडत्या पक्ष्यावर फोकस धरून ठेवण्यात झेड५० निश्चितच सरस आहे, हे मी नाकारत नाही. पण त्याच्या संचातील लांब लेन्स २५० मिमीपर्यंतच जाते, तर जुन्या कॅमेऱ्याला ७०-३०० मिमीची लेन्स लावली की त्याहून अधिक जवळचे चित्र मिळते, आणि तेही सुमारे चौथाई खर्चात.

येथे एक तांत्रिक बाब पैशांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. डी३२०० च्या आत फोकसची मोटर नाही, त्यामुळे लेन्समध्येच मोटर असावी लागते, म्हणजे तिच्यावर ‘एएफ-एस’ असे लिहिलेले असावे. ‘एएफ-पी’ मालिकेच्या नव्या ७०-३०० लेन्स दिसायला जवळपास तशाच असल्या, तरी या कॅमेऱ्यावर त्यांचा ऑटोफोकस चालत नाही. दुकानात घाई केली तर हीच चूक होते. एएफ-एस लेन्सचा दुसरा फायदा असा की उद्या झेड मालिकेचा कॅमेरा घेतलात, तर निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरने, म्हणजे जुनी लेन्स झेड कॅमेऱ्याला जोडणाऱ्या कड्याने, तीच लेन्स ऑटोफोकससह त्यावर चालते. कॅमेऱ्याची किंमत नवे मॉडेल आले की झपाट्याने उतरते; चांगली लेन्स मात्र वर्षानुवर्षे कामाला येते आणि विकायची झाली तरी बरे पैसे मिळतात.

त्यामुळे माझा सल्ला असा: बंधूंना विचारून कॅमेरा दोन वर्षांसाठी मुलीकडेच राहू द्या. पुढच्या तीन महिन्यांची शिल्लक बाजूला ठेवली की साधारण २५,५०० जमतील. त्यात वापरलेली एएफ-एस ७०-३०० व्हीआर (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी) लेन्स पाहा आणि २५,००० ची मर्यादा ओलांडू नका. लेन्स घेताना बॅटरीच्या उजेडात आरपार बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले, तर ती बुरशी आहे. किंमत कितीही कमी सांगितली तरी ती लेन्स परत करा.

चौथ्या महिन्यापासून दरमहा ४,००० रुपयांची अठरा महिन्यांची आवर्ती ठेव (आरडी) सुरू करा. ६.५ टक्के दर धरला तर मुदतीअखेर ७५,८०० च्या आसपास मिळतील. उरलेले ४,५०० गंगाजळीत टाका. पावसाळ्यात कमी पडले तर ही रक्कम कमी करा, आवर्ती ठेव नको. सगळे नीट जुळले, तर दीड वर्षाने गंगाजळी २,६१,००० च्या घरात, म्हणजे पाच महिन्यांच्या खर्चाएवढी होईल आणि मुलगी दहावीच्या उंबरठ्यावर असेल. तेव्हाही वहीची पाने अशीच भरत असतील, तर कॅमेरा रोखीने घ्या. तोवर याच पैशांत कदाचित अधिक चांगला कॅमेरा येत असेल.

शेजारच्या बारशाचे फोटो काढून तिला १,५०० रुपये मिळाले, असे तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिले आहे. दहा वर्षांवरील मुलांना स्वतःचे बचत खाते चालवता येते. तिचे खाते उघडा आणि ही रक्कम तिलाच भरू द्या. अल्पवयीन मुलांनी स्वतःच्या कौशल्याने मिळवलेले उत्पन्न आईवडिलांच्या उत्पन्नात मिळवले जात नाही, त्यामुळे तुमच्या प्राप्तिकर विवरणपत्राची काळजी नको. ठेवीचा हिशेबही तिच्यासमोर मांडा. जी मुलगी शटरचा वेग टिपून ठेवते, तिला कॅमेरा दीड वर्ष का थांबतो आहे हे आकड्यांतून नीट कळेल.

एक खर्च मात्र आजच करा. कोकणातला पावसाळा लेन्सला घातक असतो, म्हणून कॅमेरा कापडी पिशवीत किंवा कपाटात ठेवू नका. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेलची पाकिटे आणि आर्द्रता दाखवणारा लहानसा मापक एवढे आणा. मापकाचा आकडा ४० ते ५० टक्क्यांत राहील हे पाहण्याचे काम मुलीकडेच सोपवा. पाकिटे ओलसर झाली की सुकवून पुन्हा वापरता येतात. मृग लागण्यापूर्वी एवढी व्यवस्था घरात झालेली असू द्या.