आधी ती दिवाळीची अट मागे घ्या

नमस्कार,

तुमचं चार पानी पत्र मिळालं. त्यातली तीन पानं नीटच्या गुणांनी भरली आहेत. पहिल्या वेळी २९८, दुसऱ्या वेळी ३४१, पुतण्याला किती पडले, शेजारच्या मुलीला कुठे प्रवेश मिळाला. मुलगा सध्या काय करतो ते चौथ्या पानावर सात-आठ ओळींत आटोपलंय. मी उत्तर देणार आहे ते त्या सात-आठ ओळींना.

वाचकांसाठी थोडक्यात सांगते. पत्र श्रीवर्धन तालुक्यातल्या एका वडिलांचं आहे. मुलगा एकोणीस वर्षांचा. जून २०२० मध्ये निसर्ग वादळाने त्यांची नारळ-सुपारीची वाडी आडवी केली, तेव्हा पडलेली झाडं कापायला आलेल्या माणसांबरोबर हा दिवसभर राबत होता आणि तेव्हापासून त्याचा जीव झाडांत आहे. पुण्यातला नीटचा क्लास त्याने सोडला आणि आता झाडं छाटणाऱ्या एका मुकादमाबरोबर जातो. वडिलांनी अट घातली आहे: दिवाळीपर्यंत महिन्याला वीस हजार आणून दाखव, नाहीतर तिसऱ्यांदा नीटला बस. नातेवाइकांना अजून क्लासच चालू असल्याचं सांगितलंय. आणि शेवटी प्रश्न: इंग्लंडमध्ये या कामाचे कोर्स असतात म्हणे, वाडी गहाण ठेवून पाठवू का, आणि सगळ्यात लवकर होणारा कोणता?

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर मी अडकले. ‘गणपतीत आला तेव्हा हाताला टाके होते, सायकलवरून पडलो म्हणाला.’ एवढं लिहून तुम्ही लगेच पुन्हा कटऑफकडे वळलात. मुलगा सायकलवरून पडलाही असेल. पण रोज पेट्रोलची करवत हातात घेणाऱ्या मुलाच्या हाताला टाके पडले, तर माझ्या मनात सायकल पहिली येत नाही. नातेवाइकांसाठी घरात एक खोटं चालू आहे, त्यात त्याने स्वतःचं आणखी एक मिसळलं असेल तर त्याला दोष कसा देणार? जखम कळली तर काम बंद होईल आणि पुन्हा क्लासला जावं लागेल, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

आता त्या अटीचं बघू. मुकादम झाडामागे पैसे देतो, असं तुम्हीच लिहिलंय. महिन्याला वीस हजार दाखवायचे तर दिवसाला एक झाड पुरणार नाही, दोन करावी लागतील. दोन करायची तर दुसरा दोर बांधण्यात वेळ घालवून चालत नाही, खालचा माणूस रस्ता मोकळा करेपर्यंत थांबून चालत नाही, भुरभुर पाऊस असला आणि साल निसरडी झाली तरी वर जावं लागतं. अट घातलीत ती नीटकडे वळवायला, आणि ती पूर्ण करायला तो रोज घाईने झाडावर चढतोय. या कामात घाईसारखा शत्रू नाही. म्हणून कोर्स, इंग्लंड, वाडी हे सगळं नंतर. आधी त्याला फोन करा आणि दिवाळीची अट मागे घेतल्याचं स्वच्छ शब्दांत सांगा. ‘बघू’ म्हणू नका. टाक्यांबद्दलही विचारा, पण रागवायचं नाही असं ठरवून विचारा. तिसऱ्यांदा नीटला बसवण्याबद्दल माझं मत एका ओळीचं आहे: ज्याला बसायचंच नाही त्याला बसवू नका.

तुम्ही लिहिता, ‘लहानपणापासून माडावर चढतो, ट्रेकिंगवाल्यांकडे दोर शिकला, आता शिकायचं काय राहिलं?’ हा समज सगळ्यात घातक आहे, आणि तो तुमचा एकट्याचा नाही. चढणं हा या कामाचा सोपा भाग. माडाला फांद्या नसतात. नारळ उतरवणारा पाडेली शेंड्याशी बसतो, कोयता चालवतो आणि तोडलेला नारळ किंवा झावळी त्याच्यापासून दूर खाली जाते. रेन ट्रीवर किंवा गुलमोहरावर तसं नसतं. तिथे माणूस आणि तो कापत असलेली पाच-सहा मणांची फांदी एकाच झाडाला लटकत असतात. फांदी अर्धी कापली की स्वतःच्या वजनाने फाटते, सालीची पट्टी ओढत खाली येते, दोराने बांधलेली असेल तर झोका घेऊन परत बुंध्यावर आदळते आणि ओझं उतरलं की उरलेलं झाड उसळतं. करवतीच्या पात्याच्या टोकाचा वरचा भाग नकळत दुसऱ्या फांदीला टेकला तर अख्खी करवत उलटून तोंडावर येते, डोळ्याची पापणी लवायच्या आत. कडा चढायचा दोर पडणाऱ्याला झेलण्यासाठी ताणला जाणारा बनवलेला असतो. झाडावर दिवसभर त्यावर बसून काम करायचं तर कमी ताणाचा, वेगळा दोर लागतो. आणि कुठलाही दोर असो, फिरती साखळी लागली की क्षणात जातो. म्हणून करवत चालू असताना माणूस दोन ठिकाणी बांधलेला हवा, आणि त्यातली कमरेची दोरी शक्यतो आत पोलादी तार असलेली. हे माडावर कुणी शिकवत नाही, कड्यावरही नाही.

आणखी एक प्रश्न आहे, तो मुलाने मुकादमाला विचारायचा. मी वर बेशुद्ध पडलो तर मला खाली कोण आणणार? ब्रिटनमध्ये झाडावरच्या कामाला एकट्याने जायचं नसतंच. खाली उभ्या माणसाला वर चढून जखमीला उतरवण्याचं शिक्षण झालेलं हवं आणि त्याचा दोर, त्याचा पट्टा तिथेच तयार हवा. हालचाल न करता पट्ट्यात लटकलेल्या माणसाचं रक्त पायांत साचतं, मग उरतो तो मिनिटांचा हिशोब. अग्निशमन दलाची गाडी सोसायटीच्या गल्लीत शिरेपर्यंत तेवढा वेळ नसतो. मुकादमाकडे या प्रश्नाचं उत्तर नसेल तर मुलाने तूर्त जमिनीवर काम करावं: फांद्या ओढणं, दोर सांभाळणं, करवत उघडून साफ करणं, साखळीला धार लावणं. या धंद्यातला शहाणा माणूस सुरुवात तिथूनच करतो. शेजारून विजेची तार जात असेल तर महावितरणकडून लाइन बंद करून घेतल्याशिवाय झाडाला हात लावू नये. ओली फांदी वीज वाहून आणते, तारेला प्रत्यक्ष शिवावंच लागतं असं नाही. शहरात वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी काढली आहे का, तेही विचारायला सांगा. १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा फक्त तोडण्यापुरता आहे असं मुकादम सांगतील. झाडाची कोणत्याही प्रकारे हानी करणं हेही त्यात बसतं.

आता इंग्लंड. तिथली व्यवस्था चांगली आहे, म्हणून ती नीट समजून घ्या. एकच मोठी पदवी नसते, तुकड्या-तुकड्यांची प्रमाणपत्रं असतात. आधी करवतीची देखभाल आणि पडलेलं लाकूड कापणं, मग ३८० मिलिमीटर जाडीपर्यंतचं झाड जमिनीवरून पाडणं, मग दोराने चढणं आणि जखमीची सुटका, आणि दोरावर लटकून करवत चालवणं त्याच्याही नंतर. शिकवणारा एक आणि तपासणारा दुसराच, हे मला फार आवडतं. चढाईचे दोर-पट्टे तिथल्या उचल-साधनांसाठीच्या १९९८ च्या नियमांनुसार दर सहा महिन्यांनी जाणकाराकडून तपासून घ्यावे लागतात. तुमच्या ‘सगळ्यात लवकर’चं उत्तर म्हणाल तर हे सगळे कागद काही आठवड्यांत गोळा होऊ शकतात. पण तेवढ्याने कुणी कारागीर होत नाही. नवख्याला तिथेही आधी बराच काळ खाली फांद्या ओढाव्या लागतात.

आणि कागद घेऊन तो तिथे राहणार कसा? जुलै २०२५ पासून ब्रिटनने कुशल कामगारांच्या व्हिसाची पायरी पदवीच्या पातळीच्या कामांपर्यंत वर नेली आहे. हाताने करायच्या बहुतेक कामांना त्या दारातून नव्याने शिरता येत नाही. एखादा एजंट ‘कोर्स करा, नोकरी लावून देतो’ म्हणत असेल तर त्याला चहासुद्धा पाजू नका. वाडी गहाण ठेवायचा विचार इथेच संपवा.

मग इथे काय? भारतात झाडावर चढून छाटणी करण्याचं ब्रिटनसारखं पायरीपायरीचं परवाना-शिक्षण नाही. तुकडे मात्र आहेत. नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये माडावर यंत्राने चढण्याचं प्रशिक्षण सुरू केलं आणि चढणाऱ्यांसाठी अपघात विमाही आणला. ते माडापुरतंच आहे, पण सुरक्षित चढाईची शिस्त लागते. उंच इमारतींवर दोराने काम करणाऱ्यांसाठी आयराटा ही आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, तिची प्रशिक्षण केंद्रं भारतात आहेत. पहिल्या पायरीला चार दिवस शिक्षण आणि नंतर बाहेरच्या परीक्षकाकडून परीक्षा. वय अठरा पूर्ण हवं. दोन दोरांची सवय आणि सुटकेचा सराव तिथे अंगात भिनतो. करवत मात्र ते शिकवत नाहीत, आणि दोर कुठे बांधायचा हा प्रश्न इमारतीवर गणिताने सुटतो. झाडावर त्यासाठी जिवंत लाकूड वाचता यावं लागतं. बुंध्याशी बुरशीची छत्री उगवली असेल तर आत काय चाललंय, हे ओळखता आलं पाहिजे. सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचा प्रथमोपचार वर्ग तर त्याने याच महिन्यात करावा. साखळीच्या जखमेतून रक्त भसाभसा जातं आणि पहिली पट्टी बांधणारा सोबतीच असतो, डॉक्टर नव्हे.

लाकूड वाचणं कुठे शिकायचं, याचं उत्तर तुमच्या घराजवळच आहे. बागमांडल्याची फेरी ओलांडा आणि दापोली गाठा. कोकण कृषी विद्यापीठाचं वनशास्त्र महाविद्यालय तिथे आहे, अभ्यासक्रम चार वर्षांचा, प्रवेश एमएचटी-सीईटीतून. बारावीला त्याचं जीवशास्त्र आहेच. पदवीत करवत कुणी हातात देणार नाही, पण बुरशी, कीड, मुळं, लाकडाची रचना हे सगळं मिळेल. त्यापुढे आंतरराष्ट्रीय वृक्षसंवर्धन संस्थेची ‘सर्टिफाइड आर्बोरिस्ट’, म्हणजे प्रमाणित वृक्षतज्ज्ञ, ही परीक्षा आहे. तिला एरवी तीन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. अशा चार वर्षांच्या पदवीधराला एका वर्षाच्या अनुभवावरही बसता येतं. ही लेखी परीक्षा आहे, दोरावर चढून दाखवायची नाही, म्हणून ती पास झालेला प्रत्येक जण वर जायला योग्य आहे असं समजू नका. झाडाकडे बघून छाटायचं की नाही, कुठे आणि किती, हे सांगणारा माणूस मात्र तिच्यातून घडतो.

आपल्याकडे टंचाई त्याचीच आहे. पावसाळ्याआधी आपल्या शहरांत झाडांचे शेंडे उडवले जातात आणि त्याला छाटणी म्हणतात. अमेरिकेच्या वनखात्यातल्या अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं उभी चिरून दाखवून दिलं, की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड सडका भाग आतून भिंती घालून कोंडून टाकतं. फांदी खोडाला मिळते तिथे फुगीर कडं असतं, ते राखून कापलं तर ही भिंत लवकर उभी राहते. शेंडा उडवला तर कुजणं आत उतरतं आणि वर जे नवे कोंब फुटतात ते वरवर चिकटलेले असतात. काही वर्षांनी जाड झालेला तो कोंब वाऱ्याने मोडतो, नाहीतर त्यावर दोर टाकून चढलेल्या पुढच्या मुलासकट खाली येतो. तेव्हा झाडाचं शास्त्र आणि चढणाऱ्याची सुरक्षा वेगळी काढता येत नाही.

कमाईबद्दल खरं सांगते. निविदेत कमी दर भरणाऱ्याला काम मिळतं, त्यामुळे शिकलेल्या माणसाला जास्त पैसे देणारे इथे अजून विरळा आहेत. मोठ्या सोसायट्या, जुने बंगले, संस्थांचे आवार इथे हळूहळू मागणी येते आहे. पहिली काही वर्षं पुतण्याच्या पगाराशी तुलना केलीत तर हा हरणारच. ती तुलना तुम्ही थांबवू शकाल का, हे दापोलीचा अर्ज भरण्याआधी स्वतःला विचारा. आणि लोकांना काय सांगायचं, तर जे आहे ते सांगा. आठ दिवस बोलतील.

पुढचं पत्र मुलाने लिहावं अशी माझी इच्छा आहे. दापोलीला चार वर्षं बसायची त्याची तयारी आहे का, की त्याला फक्त दोर आणि करवत हवी आहे, हे मला तुमच्याकडून कळणार नाही. दोन्ही उत्तरं चालतील, पण वाट वेगळी निघेल. तोवर पैसे खर्च करायचेच असतील तर हनुवटीखाली पट्टा असलेलं हेल्मेट, दुसरा दोर आणि करवतीसाठी खास बनवलेली पँट घेऊन द्या. त्या पँटच्या अस्तरात लांब धागे असतात, साखळी लागली की ते बाहेर ओढले जाऊन चाकात गुंततात आणि करवत जागीच बंद पडते. आपल्या उकाड्यात ती नकोशी होते, तो कुरकुर करेल. करू दे, पण घालायला लावा.