पोस्टाने अंतराळवीरांच्या सह्या: पत्र कोणाला, परतीचं तिकीट कुठलं आणि यंत्राची सही कशी ओळखायची

तुमचा प्रश्न असा: अंतराळवीरांना पत्र पाठवून सह्या मागवता येतात असं ऐकलंय, भारतात राहून ते जमेल का, सुरुवात कशी करायची, आणि आलेली सही खरी आहे हे कळणार कसं?

जमतं, आणि खर्चही फार नाही. मात्र इथून पाठवताना नवखा माणूस एक चूक हमखास करतो. सही परत यावी म्हणून पत्रासोबत स्वतःच्या पत्त्याचं पाकीट ठेवायचं असतं, त्या परतीच्या पाकिटावर तो भारतीय तिकीट लावतो. नासाच्या अंतराळवीरांचं कार्यालय अमेरिकेत ह्यूस्टनला आहे, आणि तिथल्या पोस्टात त्या तिकिटाची किंमत शून्य. सही झालेली असली तरी ते पाकीट निघणार कसं? याचा उपाय पुढे सांगतो, आधी पत्र कोणाला लिहायचं ते ठरवू.

सुनीता विल्यम्स आणि बझ ऑल्ड्रिन ही नावं सगळ्यांनाच पहिल्यांदा सुचतात. म्हणूनच ती तूर्त बाजूला ठेवा. चंद्राभोवतीच्या आर्टेमिस २ मोहिमेतल्या चौघांचंही तेच, त्यांच्या नावाने येणाऱ्या टपालात तुमचं पत्र तळाशी जाणार. नुकतीच मोहिमेवर नेमणूक झालेला अंतराळवीरही पहिल्या पत्रासाठी बरा नाही. अंतराळ स्थानकावरचा मुक्काम साधारण सहा महिन्यांचा असतो. त्याआधी प्रशिक्षणासाठी देशोदेशी फिरती आणि परतल्यावर शरीर ताळ्यावर आणण्याचे आठवडे, त्यामुळे टेबलावरच्या टपालाकडे बघायला सवड कुठली?

माझ्या मते सुरुवात दोन टोकांनी करावी. एक, अगदी नवे लोक. नासाने २२ सप्टेंबर २०२५ ला १० जणांची नवी तुकडी जाहीर केली. त्याआधीची २०२१ ची तुकडीही १० जणांची होती आणि तिचं प्रशिक्षण मार्च २०२४ मध्ये पूर्ण झालं. भारतीय वंशाचे अनिल मेनन त्याच तुकडीतले, पण त्यांना मोहीम मिळालेली असल्यामुळे वरची अडचण त्यांनाही लागू. ज्यांचं नाव अजून वर्तमानपत्रात आलेलं नाही, त्यांना आज लिहा.

दुसरं टोक म्हणजे स्पेस शटल या नासाच्या जुन्या अंतराळयानाच्या काळातले निवृत्त अंतराळवीर. १९८१ ते २०११ या काळात शटलची १३५ उड्डाणं झाली आणि त्यातून ३५५ माणसं अंतराळात गेली. एवढ्या मोठ्या यादीतली बरीच नावं सामान्य वाचकाला माहीतही नसतात, आणि नेमकी तीच माणसं पत्र सावकाश वाचतात. त्यातले काही विद्यापीठांत गेले. उदाहरणार्थ, १९९३ मध्ये हबल दुर्बिणीची पहिली दुरुस्ती करणाऱ्या चमूतले जेफ्री हॉफमन एमआयटीत, तर माइक मॅसिमिनो कोलंबिया विद्यापीठात. अशा वेळी विभागाच्या पत्त्यावर लिहावं. घरचे पत्ते विकणाऱ्या याद्या इंटरनेटवर सापडतात, त्यांच्या नादी लागू नका. त्या शिळ्या असतात, आणि न बोलावता कोणाच्या दारात पत्र टाकणं बरंही दिसत नाही.

नोकरीत असलेल्यांसाठी पत्ता एकच: अंतराळवीराचं पूर्ण नाव, अ‍ॅस्ट्रॉनॉट ऑफिस, मेल कोड सीबी, नासा जॉन्सन स्पेस सेंटर, २१०१ नासा पार्कवे, ह्यूस्टन, टेक्सास ७७०५८, यूएसए. पाकिटावर तो अर्थातच रोमन लिपीत, मोठ्या अक्षरात. लिहिण्याआधी नासाच्या संकेतस्थळावर त्या व्यक्तीचं परिचयपत्र उघडून ती ‘सक्रिय’, ‘व्यवस्थापन’ की ‘माजी’ गटात आहे ते बघा. व्यवस्थापन गटातले लोक उड्डाणाला जात नाहीत, पण नोकरीत असतात, त्यांना हाच पत्ता चालतो. माजी अंतराळवीरांसाठी मात्र तो निरुपयोगीच धरून चला.

आणखी एक खबरदारी. पत्र नासाच्या वॉशिंग्टन मुख्यालयाला पाठवू नका. २००१ मध्ये पत्रांतून अँथ्रॅक्सचे जीवघेणे जंतू पाठवले गेले, तेव्हापासून तिथल्या सरकारी कार्यालयांचं टपाल किरणांच्या माऱ्याने निर्जंतुक करतात. त्यात कागद पिवळा आणि ठिसूळ होतो, फोटो एकमेकांना चिकटतात, प्लास्टिकचं कव्हर वितळतं.

पत्र एक पानाचं, शक्यतो हाताने लिहिलेलं, अक्षर वाचता येईल असं. इंग्रजी साधं असलं तरी चालतं, नक्कल केलेलं नको. “मी तुमचा सर्वात मोठा चाहता आहे” हे वाक्य त्यांनी हजारदा वाचलेलं असतं. त्याऐवजी त्यांच्याच कामातली एक गोष्ट धरा: अमुक अंतराळचालीत अडकलेला बोल्ट, अमुक प्रयोग, पूर्वी उडवलेलं विमान. एखादा प्रश्न विचारायचा तर दोन ओळींत उत्तर देता येईल असा विचारा. सहीची विनंती शेवटच्या परिच्छेदात, आणि सोबत काय ठेवलंय ते स्पष्ट लिहा. एकच वस्तू पाठवा, फार तर दोन. पाच फोटो दिसले की विक्रेता असल्याचा संशय येतो. सही तुमच्या नावाने मागा, म्हणजे ‘अमुकला, शुभेच्छांसह’ अशी. त्याने विक्रीची किंमत घटते, म्हणूनच समोरच्याला तुमचा हेतू पटतो. मुलांच्या नावाने मोठ्यांनी लिहिलेलं पत्र ओळखू येतं, तो प्रकार टाळा. मुलाला हौस असेल तर त्यालाच लिहू द्या, शुद्धलेखनाच्या चुकांसकट.

फोटो नासाच्या संग्रहातून उतरवता येतो. अधिकृत छायाचित्रं मोठ्या आकारात मोफत मिळतात. घरच्या इंकजेटवर छापू नका, त्या कागदावर मार्करची शाई पसरते. फोटो लॅबमधून चार बाय सहा इंचांची प्रिंट काढा. पांढऱ्या अंतराळ पोशाखातला फोटो निवडलात तर निळी सही त्या पांढऱ्यावर उठून दिसते. काळ्या पार्श्वभूमीचा फोटो पाठवला तर समोरच्याला सहीसाठी जागा शोधावी लागते, आणि सापडली नाही की तो कोपऱ्यात कुठेतरी करतो. सोबत तीन बाय पाचचं एक कोरं पांढरं कार्ड ठेवा. फोटोवर शाई फिसकटली तर कार्ड हाताशी असतं. पेन पाठवू नका. पाकिटाला फुगवटा येतो आणि ते यंत्रात अडकतं.

आता पाकीट. बाहेरचं अकरा बाय पाच इंचांचं घ्या आणि त्यात परतीचं दहा बाय साडेचारचं न दुमडता सरकवा. परतीच्या पाकिटावर तुमचा पत्ता आधीच लिहिलेला हवा, पिनकोडसकट, आणि शेवटच्या ओळीत ठळक ‘इंडिया’. तिकीट लावायचं ते अमेरिकेचं ‘ग्लोबल फॉरेव्हर’. हे गोल तिकीट २०१३ पासून निघतंय. एका तिकिटावर एक औंसाचं, म्हणजे २८ ग्रॅमचं, साधं पत्र कोणत्याही देशात जातं, आणि पुढे दर वाढले तरी जुनं तिकीट चालतं. फोटो, कार्ड, पाठीमागचा पातळ पुठ्ठा आणि पाकीट असं सगळं वीस-बावीस ग्रॅमच्या आत बसवा, कारण उत्तरादाखल चिठ्ठी आली तर तिचंही वजन धरायला हवं. जाडी पाव इंचाच्या आत हवी. पुठ्ठा वाकणारा असावा, मिठाईच्या खोक्याचा चालेल. कडक पुठ्ठ्याने फोटो सुरक्षित राहतो हे खरं, पण न वाकणाऱ्या पत्राला तिथे जादा आकार पडतो आणि तुमचं एक तिकीट अपुरं ठरतं.

ही तिकिटं मिळवायची कुठून? अमेरिकेत कोणी नातेवाईक असेल तर प्रश्न मिटला. दहा-बारा तिकिटं पुढच्या फेरीत आणायला सांगा. नसेल तर ओळखीच्या तिकीट-विक्रेत्याकडून न वापरलेली घ्या. निम्म्या किमतीत मिळणारी ऑनलाइन तिकिटं घेऊ नका. त्यांत नकली फार असतात, आणि २०२३ पासून नकली तिकीट लावलेलं टपाल अमेरिकेचं पोस्ट बेवारस समजून विल्हेवाट लावू शकतं.

आठ बाय दहाचा मोठा फोटो हवा असेल तर तो थेट भारतात मागवू नका. परतीचा पत्ता अमेरिकेतल्या एखाद्या नातेवाइकाचा द्या, नऊ बाय बाराचं पाकीट ठेवा आणि त्यावर अमेरिकेची साधी ‘फॉरेव्हर’ तिकिटं तीन लावा. जुलै २०२५ च्या दराने तीन औंसांपर्यंत तेवढी पुरतात. इथेही पाकीट लवचीक हवं, ताठ असेल तर ते पार्सलच्या दरात मोजतात.

इथून पाठवताना कुरियरची गरज नाही, पोस्टाचं साधं आंतरराष्ट्रीय पत्र पुरतं. आत फक्त कागद असू द्या. बिल्ला, नाणं, किचेन असलं काही घातलं की कस्टमचा फॉर्म मागे लागतो. पोस्टाच्या खिडकीवर सेवा चालू आहे ना, एवढं आधी विचारा. २०२५ च्या ऑगस्टअखेर भारतातून अमेरिकेला जाणारं टपाल थांबलं होतं, ते ऑक्टोबरच्या मध्यात पुन्हा सुरू झालं.

युरोपीय अंतराळवीरांचं केंद्र जर्मनीत कोलोनला आहे, रशियाचं मॉस्कोजवळच्या स्टार सिटीत. नियम तोच: परतीचं तिकीट त्या देशाचं.

पाठवलेल्या प्रत्येक पत्राची नोंद वहीत ठेवा: तारीख, पत्ता, आत काय होतं, परत कधी आलं. दोन महिन्यांत उत्तर आलं तर नशीब, वर्ष लागलं तरी नवल नाही. वर्ष उलटल्यावर नवं पत्र लिहा, पण त्यात जुन्या पत्राची तक्रार नको.

पाकीट परत आलं की खरी परीक्षा सुरू होते, कारण आत तीनपैकी एक गोष्ट असू शकते. पहिली, छापील सही. ती दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली लगेच कळते, सहीची रेघ आणि बाजूचा फोटो सारख्याच बारीक ठिपक्यांचा दिसतो. दुसरी, ऑटोपेनची सही. तिसरी, हाताची.

ऑटोपेन म्हणजे सहीच्या साच्यावरून हात फिरवणारं यंत्र. नासात ते १९६० च्या दशकापासून वापरात आहे, तेव्हा ‘थेट नासातून आलंय’ हा खरेपणाचा पुरावा होत नाही. यंत्राच्या हातात खरंच पेन असतं, त्यामुळे शाई खरी, चमक खरी, कागदावरचा दाबही खरा. तेवढ्यावर फसू नका. बघायचं ते रेघेकडे. माणूस सही करताना पेन चालत्या हाताने टेकवतो आणि चालत्या हाताने उचलतो, म्हणून टोकं निमुळती होतात. यंत्र पेन सरळ खाली आणतं, म्हणून सुरुवातीला आणि शेवटी गोल ठिपका पडतो. रेघेची जाडी सगळीकडे सारखी असते, वळणांवर बारीक थरथर दिसते, आणि जिथे गोलाई हवी तिथे मध्येच सरळ तुकडा येतो. शेवटचा निकाल तुलनेने लागतो. माणूस स्वतःची सही दोनदा तंतोतंत तशीच करू शकत नाही. तुमची सही स्कॅन करा, त्याच व्यक्तीच्या दुसऱ्यांकडे आलेल्या सह्यांवर पारदर्शक करून ठेवा. जुळली तर ती साच्याची. एका व्यक्तीचे अनेक साचे असतात, तेव्हा एकाशी न जुळणं पुरेसं नाही. नावाने केलेली सही इथेही कामी येते. तुमचं नाव आणि सही एकाच पेनने, एकाच ओघात, अक्षरं एकमेकांत गुंतलेली असतील तर निश्चिंत राहा. नाव एका अक्षरात आणि सही वेगळ्याच लयीत असेल तर नाव कार्यालयातल्या कोणीतरी लिहिलेलं असू शकतं.

सही आली की लॅमिनेशनला नेऊ नका. आपल्याकडे शिधापत्रिकेपासून सगळं लॅमिनेट करायची सवय आहे, पण त्या उष्णतेने शाई उतरते आणि प्लास्टिक पुन्हा कधी निघत नाही. पीव्हीसीची वास येणारी पाकिटंही नकोत, पॉलिएस्टरची घ्या. मार्करची शाई उजेडात विटते, म्हणून भिंतीवर लावायची असेल तर स्कॅन छापून लावा आणि मूळ प्रत बंद फाइलीत ठेवा. कोकणात किंवा मुंबईत असाल तर पावसाळ्यात फोटोंच्या मध्ये आम्लरहित कागद आणि डब्यात सिलिका जेल हवंच. शिक्क्यासह आलेलं पाकीट फेकू नका, पुढे सही कुठून आली याची तीच साक्ष.

अपोलो चांद्रमोहिमांतल्या लोकांबद्दल थोडक्यात. चंद्रावर चाललेल्या १२ जणांपैकी जे हयात आहेत ते नव्वदीच्या घरात किंवा पुढे आहेत, आणि त्यांच्या सह्या बहुधा शुल्क घेऊनच मिळतात, तेही शेकड्यांनी डॉलर. फुकट मिळेल म्हणून त्यांना पत्र पाठवण्यात तिकीट घालवू नका. नील आर्मस्ट्राँग यांनी १९९४ मध्ये सह्या देणं थांबवलं आणि २०१२ मध्ये ते गेले. बाजारात त्यांच्या बनावट सह्यांचा सुळसुळाट आहे, शिवाय ऑटोपेनच्या आहेतच. सोबतच्या ‘प्रमाणपत्रा’ला ते देणाऱ्याच्या नावाइतकीच किंमत. पहिली दोन वर्षं विकत काही घेऊच नका. पोस्टाने आलेल्या पंचवीस-तीस सह्या भिंगाखाली घालून झाल्या की डोळा आपोआप तयार होतो.

भारतीय नावांपैकी राकेश शर्मा यांच्यासाठी वेगळी वस्तू सुचवतो. त्यांच्या १९८४ च्या सोयुझ टी-११ उड्डाणानिमित्त आपल्या टपाल खात्याने तिकीट काढलं होतं. त्याचं प्रथमदिवस पाकीट, म्हणजे तिकीट निघालं त्या दिवसाचा शिक्का असलेलं खास पाकीट, तिकीट-विक्रेत्यांकडे अजून मिळतं आणि सहीसाठी त्यावर मोकळी जागाही असते. ते मात्र पोस्टात टाकू नका. जाहीर कार्यक्रमात समोर धरा, सोबत बारीक टोकाचा काळा मार्कर असू द्या आणि शाई वाळेपर्यंत, निदान पाच मिनिटं, पाकीट उघडंच हातात ठेवा.