कामावर हाताला मार लागला, सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी दुखणं थांबत नाही. निदान कुठे आणि कसं होईल?

तुम्ही लिहिलंय की पाच महिन्यांपूर्वी कंपनीत मनगट दाबलं गेलं, प्लास्टर निघालं, हाड जुळलं, एमआरआयही नॉर्मल आला. तरी हाताची आग होते आणि कंपनीचे डॉक्टर आता "मनाचं आहे" म्हणायला लागलेत. रिपोर्ट नॉर्मल असताना हात जळत राहतो, हे खरंच घडतं. माझ्या बाबतीत घडलंय आणि त्या आजाराला नाव आहे. तुम्हाला तेच झालंय असं मी इथे बसून ठरवू शकत नाही. पण चादर लागली तरी कळ येते आणि हात कधी लाल तर कधी थंड-निळसर पडतो, हे तुम्ही लिहिलेलं वाचल्यावर उत्तर दिल्याशिवाय राहवेना.

मी भोसरीत व्हीएमसी, म्हणजे धातू कापणाऱ्या संगणकीय मशीनवर ऑपरेटर होतो. फिक्स्चरवर, म्हणजे मशीनच्या पकडीवर, जॉब (कापायचा धातूचा तुकडा) चढवताना पट्टा सरकला आणि डावं मनगट जॉबखाली आलं. फ्रॅक्चर होतं, प्लास्टर घातलं. प्लास्टरमध्ये असतानाच आत निखारा ठेवल्यासारखी आग व्हायची. काढल्यावर सुटका होईल असं वाटलं होतं, तर हात आणखी सुजला, कातडी ताणून चकाकायला लागली, नळाची धार सोसेना, पंख्याचा वाराही सोसेना. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून दाखवला की हाड छान जुळलंय. ते चुकीचं सांगत नव्हते. एक्स-रेत हाड दिसतं, एमआरआयमध्ये हाडं, स्नायू, लिगामेंट दिसतात. दुखणं ज्या यंत्रणेत बिघाड झाल्यामुळे होतं, ती यंत्रणा या फोटोंत येतच नाही. म्हणून "नॉर्मल" या शब्दाचा अर्थ एवढाच घ्या, की त्या तपासणीला जे दिसू शकतं ते ठीक आहे.

माझ्या केसपेपरवर शेवटी जे लिहिलं गेलं ते सीआरपीएस, म्हणजे कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम. मनगटाच्या फ्रॅक्चरनंतर तो होतो हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे. वेअर मिचेल नावाच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या यादवी युद्धात, म्हणजे 1860 च्या दशकात, गोळी लागून नसा दुखावलेल्या सैनिकांमध्ये अशीच आग नोंदवली होती. 1900 मध्ये जर्मनीत सुडेक नावाच्या डॉक्टरांनी अशा हातापायांतली हाडं विरळ होतात हे दाखवलं. आजचं नाव 1994 पासूनचं. हे मुद्दाम सांगतोय, कारण जुन्या पिढीतले डॉक्टर अजूनही "सुडेक" किंवा "आरएसडी" (रिफ्लेक्स सिम्पथेटिक डिस्ट्रॉफी, हे जुनं नाव) लिहितात. तुमच्या फाइलीत असं काही खरडलेलं सापडलं, तर ते याच आजाराबद्दल आहे.

सोप्या भाषेत, जखम भरली तरी त्या भागातली सूज आणि नसांची धोक्याची घंटा बंद होत नाही. रक्तवाहिन्या, घाम, त्वचेचं तापमान सांभाळणाऱ्या बारीक नसाही बिघडतात, म्हणून रंग बदलतो. मेंदूतली त्या हाताची जाणीवही बदलते. कित्येकांना स्वतःचा हात परका वाटायला लागतो. मलाही वाटायचा, आणि हे कुणाला सांगायची लाज वाटायची. तुम्हाला तसं होत असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा, ते आजाराचंच लक्षण आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न. याचं निदान कुठल्या मशीनवर होत नाही, डोळ्यांनी आणि हातांनी होतं. त्यासाठी "बुडापेस्ट निकष" वापरतात. लक्षणांचे चार गट आहेत: स्पर्शाचं दुखणं, रंग आणि तापमानातला फरक, सूज आणि घाम, आणि हालचाल, केस, नखं, कातडी यांतले बदल. चारपैकी तीन गटांतली तक्रार तुम्ही सांगितलेली असावी, दोन गटांतली खूण डॉक्टरांना तपासताना प्रत्यक्ष दिसावी, मूळ दुखापतीच्या मानाने दुखणं फार जास्त असावं, आणि दुसऱ्या कुठल्याही आजाराने याचा उलगडा होत नसावा.

मला ज्यांनी निदान दिलं त्या पेन क्लिनिकच्या बाई होत्या. त्यांनी फाइल बाजूला ठेवली, दोन्ही बाह्या कोपराच्या वर सरकवायला लावल्या आणि दोन्ही हात टेबलावर शेजारी शेजारी ठेवायला सांगितले. आपल्या हाताची पालथी बाजू आधी उजव्यावर, मग डाव्यावर टेकवून गारवा पाहिला. कापसाचा बोळा मनगटापासून बोटांकडे नेला. पेनाचं टोपण दोन्ही तळव्यांवरून हलकेच ओढलं. उजव्यावर ते सरसर गेलं, डाव्यावर घामामुळे अडकलं. मग म्हणाल्या, "केस बघा." डाव्या मनगटावरचे केस उजव्यापेक्षा लांब आणि काळे झाले होते. इतके दिवस माझ्याच हातावर होते, आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. तोवर दोन्ही हात शेजारी ठेवून कुणी पाहिलेच नव्हते. जो डॉक्टर फक्त दुखरा हात पाहतो, त्याला हा आजार सहज निसटतो.

खुणा येतात-जातात, नेमक्या ओपीडीत हात शहाण्यासारखा वागतो. म्हणून आजपासून फोटो काढा: दोन्ही हात एकाच फोटोत, एकाच जागी, दिवसाउजेडी; लाल झाला, सुजला, निळा पडला की लगेच. शेजारी एका ओळीत वेळ आणि काय करत होतात ते लिहा. तपासायच्या दिवशी घड्याळ, अंगठी, मनगटाचा पट्टा काढून जा.

दुसरी कारणं वगळणं हा निदानाचा अर्धा भाग आहे, त्यात कंटाळा करू नका. मनगटातलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडलं तर पहिल्या एक्स-रेत न दिसता राहू शकतं. फ्रॅक्चरनंतर अंगठा आणि पहिल्या दोन बोटांकडे जाणारी नस मनगटात दाबली जाते, त्याची आग रात्री वाढते आणि उपाय वेगळा असतो. नस तुटून तिथे गाठ होऊ शकते. यासाठी एनसीव्ही, म्हणजे नसांतून संदेश किती वेगाने जातो ते पाहणारी तपासणी, करायला सांगतील. तीत जाड नसा तपासल्या जातात, आग वाहून नेणाऱ्या बारीक नसा नाहीत, तेव्हा तीही नॉर्मल आली तर खचू नका. थ्री-फेज बोन स्कॅनची, म्हणजे औषध टोचून हाडांच्या तीन टप्प्यांत प्रतिमा घेतात त्या तपासणीची, मदत होते, पण तो नॉर्मल आला म्हणून सीआरपीएस नाही असं ठरत नाही. आणि ताप, वाढती लाली, पू किंवा बोटं अचानक बधिर होणं असेल, तर पेन क्लिनिकची वाट न पाहता थेट कॅज्युअल्टीत जा.

कुठे जायचं? पेन क्लिनिक बहुधा भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या, म्हणजे अॅनेस्थेशियाच्या विभागाकडे असतं. मोठ्या सरकारी मेडिकल कॉलेजात आधी तिथे चौकशी करा. "दुखतंय, बघा" एवढंच म्हणू नका. "प्लास्टरनंतर रंग, घाम आणि स्पर्श बदललाय, सीआरपीएस आहे का ते तपासाल का?" असं थेट विचारा. चांगल्या डॉक्टरांना याचा राग येत नाही.

"मनाचं आहे" हे ऐकून मीही आतून तुटलो होतो. झोप गेली, घरच्यांवर ओरडायला लागलो. पुढे पेन क्लिनिकनेच मानसोपचाराकडेही पाठवलं आणि त्याचा उपयोग झाला. पण ते दुखणं खरं धरून पाठवणं होतं. त्या दोन्हींत फार अंतर आहे.

निदान होईपर्यंत हात गळ्यात अडकवून ठेवू नका. डॉक्टरांनी दुसरं काही कारण सांगून मनाई केली नसेल, तर फिजिओथेरपी आजच विचारा. न वापरलेला हात आखडतो आणि दुखणं वाढतं. माझ्याकडून आधी कापूस, मग टॉवेल, मग तांदळाच्या डब्यात हात फिरवून घेतला, आणि आरशात उजव्या हाताचं प्रतिबिंब पाहत व्यायाम करून घेतले. गोळ्या आणि गरज पडली तर मानेजवळ देतात ते ब्लॉकचं (नसा बधिर करणारं) इंजेक्शन, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. जितक्या लवकर सुरू होईल तितका फायदा. माझी मूठ आज पूर्ण वळते, थंडीत मात्र अजून सतावते.

शेवटी कागद. पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापत असतील तर कामावरच्या अपघातात तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ रोजच्या सरासरी पगाराच्या 90 टक्के मिळतो, आणि काम करता येत नाही असं ईएसआयचे डॉक्टर सर्टिफिकेट देतील तोवर मिळतो. त्यासाठी कंपनीने पाठवलेल्या अपघात अहवालाची प्रत आजच मागा आणि त्यात तारीख, वेळ, "डावं" की "उजवं" मनगट बरोबर आहे का ते पाहा. दुखत असताना "फिट" लिहून कामावर पाठवत असतील, तर त्याच वेळी केसपेपरवर दुखण्याची नोंद करून घ्या. पुढे कायमचं अपंगत्व ठरवायची वेळ आली तर ते मेडिकल बोर्डासमोर ठरतं. बोट तुटलं असेल तर कायद्याच्या परिशिष्टात त्याची टक्केवारी छापलेली असते. या आजाराची नसते, ती बोर्डालाच ठरवावी लागते. म्हणून पेन क्लिनिकच्या कागदावर आजाराचं पूर्ण नाव, कुठले निकष जुळले आणि "कामावरील अपघातानंतर" हे शब्द लिहून घ्या, आणि सही-शिक्का पाहूनच ओपीडीतून उठा.