कार्ब्युरेटरवाली 800 अॅव्हरेज कमी का देते?

प्रश्न: माझी 1997 ची मारुती 800 कार्ब्युरेटरवाली आहे, मेव्हण्याची 2004 ची एमपीएफआय (म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी). इंजिन दोन्हीचं 796 सीसीच, मग त्याला अॅव्हरेज जास्त कसं?

उत्तर: दादा, फरक पेट्रोल मोजण्यात आहे. साधारण 14.7 किलो हवेला 1 किलो पेट्रोल हे प्रमाण पूर्ण जळण्यासाठी लागतं, पण कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) हवेच्या ओढीवर आणि ठरलेल्या जेटवर (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकावर) चालतो, त्यामुळे ते प्रमाण इकडेतिकडे होतं, शिवाय एकाच ठिकाणी मिसळलेलं पेट्रोल तिन्ही सिलिंडरना सारखं पोचतंच असं नाही. एमपीएफआयमध्ये प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर, आणि एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर बघून कॉम्प्युटर पेट्रोल सतत कमीजास्त करतो. घाट उतरताना गिअरमध्ये पाय अॅक्सिलरेटरवरून काढलात की हा कॉम्प्युटर इंजेक्टर जवळपास बंदच करतो, कार्ब्युरेटरचं मात्र आयडलिंगचं पेट्रोल चालूच राहतं.

पण म्हणून गाडी विकू नका हो! आधी चोक (थंड इंजिन सुरू करताना पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी कळ) बघा, सकाळी ओढलेला चोक पूर्ण आत जातो का, केबल अडकली असेल तर दिवसभर पेट्रोल जास्तच जाणार. स्पार्क प्लग काढून बघा, कोरडी काळी काजळी असेल तर मिश्रण बहुतेक रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेलं आहे. एअर फिल्टर बदला, फ्लोटची (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल ठरल्या पातळीला ठेवणाऱ्या तरंगत्या भागाची) लेव्हल आणि इग्निशन टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) जुन्या, हात बसलेल्या मेकॅनिककडून सेट करून घ्या. आणि मेव्हण्यालाही सांगा, ऑक्सिजन सेन्सर बिघडला की एमपीएफआयसुद्धा भरपूर पेट्रोल पिते.