अजून म्हणजे येट की स्टिल?

तुमचं वाक्य होतं 'ही इज येट स्लीपिंग', आणि विचारलंय की अजून म्हणजे येटच ना, मग चुकलं कुठे. गडबड आपल्या मराठी 'अजून'मुळे होते बघा. तो अजून झोपलाय, तो अजून उठला नाही, अजून थोडं पाणी दे, तिन्हीकडे आपला शब्द एकच, इंग्लिशमध्ये मात्र स्टिल, येट आणि मोअर असे तीन वेगळे.

जे चालूच आहे, थांबलेलं नाही, तिथे स्टिल, म्हणून 'ही इज स्टिल स्लीपिंग'. जे व्हायला हवंय पण झालं नाहीये, तिथे येट, 'ही हॅजन्ट वोकन अप येट'. त्यामुळे येट जास्त करून नॉटवाल्या वाक्यात नाहीतर प्रश्नात सापडतो, 'हॅव यू ईटन येट?' अमेरिकन लोक 'डिड यू ईट येट?' असंही सर्रास बोलतात, पण परीक्षेत हॅववालंच लिहा.

आता जागा, आणि माझ्या मते खरी मेख इथेच आहे. आपण मराठीत अजून पुढे घेतो, 'अजून कागद मिळाले नाहीत', आणि तसंच्या तसं 'येट आय हॅव नॉट रिसीव्ड द पेपर्स' लिहून मोकळे होतो. पण येट वाक्याच्या सुरुवातीला आला की त्याचा अर्थ 'तरीही' होतो! मी नोकरीला लागले तेव्हा एका मेलमध्ये हेच लिहिलं होतं, समोरच्याला वाटलं मी तक्रार करतेय, एवढं सांगूनही कागद पाठवले नाहीत म्हणून, आणि मला तर फक्त कळवायचं होतं. येट शेवटी टाका, 'आय हॅवन्ट रिसीव्ड द पेपर्स येट', किंवा जरा फॉर्मल हवं असेल तर नॉटला चिकटवून, 'द रिझल्ट इज नॉट येट आउट'.

स्टिल पण नकारात येतो बरं का, तेव्हा तो हॅजन्टच्या आधी बसतो आणि वैताग दाखवतो. 'ही हॅजन्ट कॉल्ड येट' म्हणजे अजून फोन आला नाही, येईल. 'ही स्टिल हॅजन्ट कॉल्ड' म्हणजे इतका वेळ झाला, अजूनही नाही म्हणजे काय!

आणि 'आय हॅव येट टू रीड इट' यात नॉट नाही, तरी वाचलेलं नाहीये असाच अर्थ, अगदी आपल्या 'मला ते अजून वाचायचंय'सारखा, तिथेही आपण नाही म्हणत नाही ना, मग इंग्लिशमध्येही नॉट घुसवू नका.