महागाई घटली की मंदावली?

अमेरिकेतल्या भाववाढीवरच्या एका लेखाचा मराठी अनुवाद करणाऱ्या वाचकाने विचारले आहे: 'इन्फ्लेशन स्लोड टु थ्री पर्सेंट' या वाक्याचे मी 'महागाई तीन टक्क्यांनी घटली' असे केले आणि संपादकांनी ते खोडले. चूक कुठे झाली? शिवाय त्याच लेखातल्या 'गॅलपिंग', 'एक्स्पोनेन्शिअल', 'सोअर' आणि 'स्टेडी' या शब्दांना मराठीत काय म्हणावे?

संपादकांनी खोडले ते योग्यच केले. या छोट्या वाक्यात दोन चुका आहेत. पहिली प्रत्ययाची. 'टु थ्री पर्सेंट' म्हणजे तीन टक्क्यांवर, तीन टक्क्यांनी नव्हे. 'वर' आणि 'नी' यांच्यात सगळा अर्थ अडकलेला आहे. जून २०२२ मध्ये अमेरिकेतला वार्षिक भाववाढीचा दर ९.१ टक्के होता, जून २०२३ मध्ये तो ३ टक्के झाला. म्हणजे दर ३ टक्क्यांवर आला, पण उतरला ६.१ने. या ६.१ला इंग्रजीत 'पर्सेंटेज पॉइंट' म्हणतात, नुसते 'पर्सेंट' म्हणत नाहीत, कारण ९.१च्या मानाने पाहिले तर ही घट ६७ टक्क्यांची होते. मराठीत आपण दोन्हीला टक्केच म्हणतो. म्हणून अशा ठिकाणी 'इतक्यावरून इतक्यावर' असे दोन्ही आकडे लिहून मोकळे व्हावे, घोटाळ्याला जागा राहत नाही.

दुसरी चूक जास्त खोल आहे, आणि ती एकट्या अनुवादकाची नाही. 'घटली' वाचून वाचकाला वाटते की वस्तू स्वस्त झाल्या. प्रत्यक्षात काय झाले? १९८२-८४ चे भाव १०० धरून काढलेला अमेरिकेचा ग्राहक किंमत निर्देशांक जून २०२२ मध्ये २९६.३ होता, जून २०२३ मध्ये ३०५.१ झाला. भाव वाढलेच होते. कमी झाला तो वाढण्याचा वेग. घाट चढताना एसटी हळू झाली म्हणून ती खाली उतरू लागली असे आपण म्हणत नाही. इथेही गाडी चढच चढत होती.

इंग्रजीत हा फरक क्रियापदातच सांभाळला जातो. भावांचा वेग उतरला तर 'स्लोड', 'ईज्ड', 'कूल्ड'. आणि खुद्द भाव उतरले तर 'प्राइसेस फेल'. अर्थशास्त्रज्ञ तर पहिल्याला 'डिसइन्फ्लेशन' आणि दुसऱ्याला 'डिफ्लेशन' अशी वेगळी नावेच देतात. आपली अडचण अशी की 'महागाई' हा शब्द मुळात वेगाचा नाहीच. तो स्थितीचा शब्द आहे. 'काय महागाई आहे!' असे म्हणणारी बाई भाव किती वेगाने वाढले ते सांगत नसते, भाव आज कुठे जाऊन बसले आहेत ते सांगत असते. मग वर्तमानपत्रात 'महागाई घटली' असा मथळा आला, की पिशवी घेऊन बाजारातून आलेल्या माणसाला ते खोटे वाटते, आणि त्याच्या अर्थाने ते खोटेच असते. आकडा बरोबर असतो, शब्द चुकलेला असतो. माझे मत असे की दराबद्दल बोलायचे तेव्हा 'महागाई' हा शब्द एकटा वापरूच नये. 'भाववाढीचा वेग' किंवा 'महागाईचा दर' म्हणावे.

'मंदी' या शब्दाकडेही जरा पाहा. तो 'मंद'वरून आलेला, म्हणजे अर्थ संथपणाचा. पण व्यापारात आपण तो उतरणीसाठी वापरतो: बाजारात मंदी आहे म्हणजे भाव पडलेत, उठाव नाही. इंग्रजीतला 'स्लोडाउन' वेगळा आणि 'रिसेशन' वेगळे. पहिल्यात अर्थव्यवस्था वाढते पण हळू, दुसऱ्यात ती आक्रसते. आपल्याकडे एकाला 'मंदावणे' आणि दुसऱ्याला 'मंदी' म्हणायचे, दोन्हींचे मूळ एकच. हळू होणे आणि खाली येणे यांची गल्लत होण्यात या जुन्या शब्दाचाही हात असावा असे मला वाटते.

आता 'गॅलपिंग'. इंग्रजीने भाववाढीच्या वेगाला प्राण्यांची आणि माणसांची चाल लावली आहे: 'क्रीपिंग', 'वॉकिंग', 'ट्रॉटिंग', 'गॅलपिंग'. पहिल्या दोहोंना रांगती आणि चालती भाववाढ म्हणता येते. तिसऱ्या-चौथ्यासाठी मात्र शब्द घडवत बसायची गरजच नाही. घोड्याच्या चाली महाराष्ट्राला शिकवाव्या लागत नाहीत. 'ट्रॉट' म्हणजे दुडकी चाल, 'गॅलप' म्हणजे चौखूर दौड. 'भाव चौखूर उधळले' हे वाक्य 'गॅलपिंग इन्फ्लेशन'चे भाषांतर वाटतच नाही, इतके ते आपले आहे. उलट 'उधळले'मध्ये लगाम सुटल्याची जी भावना आहे ती इंग्रजी 'गॅलप'मध्ये नाही. याच्याही पुढची पायरी 'हायपरइन्फ्लेशन'. तिथे चालीची उपमा संपते. फिलिप केगन या अर्थशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये तिची हद्द ठरवली: महिन्याला ५० टक्क्यांहून जास्त भाववाढ. त्या वेगाने वर्षाच्या सुरुवातीला १०० रुपयांना मिळणारी वस्तू वर्षअखेरीस जवळजवळ १३,००० रुपयांना जाते.

'एक्स्पोनेन्शिअल' हा सर्वांत जास्त गैरवापर झालेला शब्द, इंग्रजी बोलणाऱ्यांकडूनही. ते सर्रास 'फार वेगाने' या अर्थी तो वापरतात. मूळ अर्थ वेगळा आहे: जितके आहे त्याच्या ठरावीक प्रमाणात दर वेळी भर पडणे. वर्षाला २ टक्के वाढ हीसुद्धा 'एक्स्पोनेन्शिअल'च, फक्त दुप्पट व्हायला तिला ३५ वर्षे लागतात. ७ टक्क्यांना साधारण दहा. पाठ्यपुस्तकी प्रतिशब्द 'घातांकी' आहे, पण तो वाचून किती जणांच्या डोळ्यांपुढे काही उभे राहते? माझे वडील एका पतपेढीचे हिशेब लिहीत. त्यांच्या तोंडचा शब्द मला इथे हजार पटींनी चांगला वाटतो: चक्रवाढ. व्याजावर व्याज चढते म्हणजे काय, हे ज्याने कर्ज काढले आहे त्या प्रत्येकाला ठाऊक असते. 'वापरकर्त्यांची संख्या चक्रवाढीने वाढली' म्हटले की गणितही सांभाळले जाते आणि धास्तीही. गणिती अर्थ नसेल, नुसता वेग दाखवायचा असेल, तर 'झपाट्याने' पुरे.

चक्रवाढ आणि साधी वाढ यांच्यातल्या फरकावर एक मोठा वाद उभा राहिलेला आहे. थॉमस माल्थस या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १७९८ मध्ये मांडले की लोकसंख्या 'जॉमेट्रिकल रेशो'ने वाढते आणि अन्न 'ॲरिथमेटिकल रेशो'ने. पंचवीस-पंचवीस वर्षांचे टप्पे धरून त्याने हिशेब दिला: एकीकडे १, २, ४, ८, १६ आणि दुसरीकडे १, २, ३, ४, ५, दोन शतकांनी लोकसंख्या २५६ आणि अन्न ९. आपण याला भूमिती श्रेढी आणि अंकगणिती श्रेढी म्हणतो, पण पतपेढीच्या भाषेत हे चक्रवाढ आणि सरळव्याजच झाले. पुढे विसाव्या शतकात इंग्रजीत 'पॉप्युलेशन एक्स्प्लोजन' रूढ झाले आणि त्यावरून आपण 'लोकसंख्येचा स्फोट' घेतला. ही उपमा मला पटत नाही. स्फोट क्षणात होऊन जातो. जगाची लोकसंख्या १९६० मध्ये ३०० कोटी होती, ती ६०० कोटी व्हायला १९९९ उजाडले. आज तर वाढीचा दर साठच्या दशकातल्या सुमारे २ टक्क्यांवरून १ टक्क्याच्याही खाली आला आहे, तरी माणसे वाढतच आहेत. पुन्हा तोच घाट.

'सोअर' आणि 'स्कायरॉकेट' यांना आपण 'गगनाला भिडणे' वापरतो. चालते, पण भिडणे म्हणजे पोहोचून झाले. इंग्रजी शब्दात उड्डाण चालू आहे. भाव अजून वाढतच असतील तर 'भाव भडकले आहेत' जास्त जवळचे, कारण भडकलेली आग पसरत असते.

राहिला 'स्टेडी'. याचे 'संथ' हमखास केले जाते आणि ते चूक आहे. 'स्टेडी ग्रोथ' वेगाने होत असेल किंवा हळू, तिच्यात चढउतार नसतात एवढेच तो शब्द सांगतो. 'एकसारखी वाढ' किंवा 'सातत्याने होणारी वाढ' म्हणावे. तुमच्या लेखात हे विशेषण रोजगाराला लावले असेल तर 'रोजगार एकसारखा वाढत राहिला' असे क्रियापदातून सांगा, वाक्य हलके होईल.

आणि खोडलेले वाक्य मी असे लिहीन: 'भाववाढीचा वेग ९.१ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आला. भाव मात्र वाढतच राहिले.' पहिल्या पूर्णविरामानंतरचे चार शब्द मूळ इंग्रजीत नाहीत. इंग्रजी वाचकाला ते 'स्लोड'मधूनच कळतात, आपल्याला सांगावे लागतात. संपादकांनी ते जादा म्हणून कापू नयेत, एवढे त्यांना माझ्या वतीने जरूर सांगा.